ठेव म्हणून आलेले पिल्लू

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त 'विश्वस्त' हा शब्द या सभागृहात अनेक वेळा उच्चारला गेला. विश्वस्त कोणाला म्हणावे? जी वस्तू स्वतःची नाही ती जो स्वतःच्या वस्तूहून अधिक काळजीने सांभाळतो, तिच्यात भर घालतो आणि वेळ येताच ज्याची त्याच्या स्वाधीन करतो, तो विश्वस्त. व्यापारउदीम करणाऱ्या समाजाला ही कल्पना नवी नाही. पेढीवर आलेली दुसऱ्याची ठेव कीर्द-खतावणीत वेगळ्या खात्यावर लिहिली जाते. ती कितीही वर्षे तिजोरीत राहिली तरी मालकाच्या भांडवलात धरली जात नाही. परंतु ठेव म्हणून आलेली वस्तू निर्जीव नसेल तर? ती दारात आपली वाट पाहत असेल, रात्री आपल्या खाटेजवळ झोपत असेल, मुलांच्या हाताखाली लहानाची मोठी झाली असेल, आणि वर्ष-सव्वा वर्षाने ती एका अपरिचित माणसासाठी परत करायची असेल, तर? अशी जिवंत ठेव स्वखुशीने आणि कोणत्याही मोबदल्याशिवाय स्वीकारणारी कुटुंबे अमेरिका, इंग्लंड, जपान इत्यादी देशांत हजारोंच्या संख्येने आहेत. दृष्टिहीनांसाठी पुढे मार्गदर्शक होणाऱ्या श्वानाचे पिल्लू ही ती ठेव होय. त्या कुटुंबांची सेवा हा आजचा विषय आहे.

प्रथम मार्गदर्शक श्वान नेमके काय करतो, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण त्याविषयी गैरसमज फार. पुष्कळांना वाटते की मालकाने 'बाजारात चल' म्हणताच श्वान त्याला बाजारात नेऊन पोहोचवतो. तसे नाही. कोठे जायचे, किती चौक ओलांडायचे, कोठे उजवीकडे व कोठे डावीकडे वळायचे, हे सर्व दृष्टिहीन व्यक्तीने स्वतः मनात धरलेले असते आणि त्याप्रमाणे ती श्वानास आज्ञा देते. रस्ता माणसाला ठाऊक असतो; रस्त्यातील अडथळा श्वानाला दिसतो. खड्डा, खांब, उभी मोटार, पायरी, डोक्याला लागेल अशी झाडाची फांदी या सर्वांतून तो आपल्या माणसाला वळसा घालून नेतो. वाहतुकीच्या दिव्यांतील लाल व हिरवा या रंगांतील भेद श्वानाच्या डोळ्यांना उमजत नाही. म्हणून रस्ता केव्हा ओलांडायचा, हे दृष्टिहीन व्यक्ती वाहनांच्या आवाजावरून ठरवते आणि 'पुढे' अशी आज्ञा देते.

येथेच या विद्येचे मर्म आहे. आज्ञा झाली, परंतु त्याच क्षणी एखादे वाहन अंगावर येत असेल, तर श्वान हलत नाही. मालकाने पुन्हा सांगितले तरी हलत नाही. इंग्रजीत यास जे नाव आहे त्याचा अर्थ मराठीत 'विवेकपूर्ण अवज्ञा' असा करता येईल. आज्ञा पाळण्यास शिकवणे त्या मानाने सोपे. कोणती आज्ञा पाळू नये हे कळणे कठीण. माणसांतही हा गुण दुर्मिळच म्हणावा लागेल!

या कार्याचा आरंभ युद्धाच्या दुःखातून झाला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने व स्फोटांनी असंख्य सैनिकांची दृष्टी गेली. जर्मनीत डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांच्या पुढाकाराने १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी मार्गदर्शक श्वानांची पहिली शाळा सुरू झाली. पुढे पॉट्सडॅम येथेही असे केंद्र उभे राहिले. डोरोथी हॅरिसन यूस्टिस या अमेरिकन बाई त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये राहून जर्मन शेफर्ड जातीचे श्वान तयार करीत असत. पॉट्सडॅमचे कार्य त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि अमेरिकेतील एका साप्ताहिकात लेख लिहिला. तो ५ नोव्हेंबर १९२७ च्या अंकात प्रसिद्ध झाला.

अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या गावी मॉरिस फ्रँक नावाचा एक तरुण होता. बालपणी एका अपघातात त्याचा एक डोळा गेला होता आणि सोळाव्या वर्षी मुष्टियुद्ध खेळताना दुसरा. वडिलांनी त्याला तो लेख वाचून दाखवला. दुसऱ्याच्या हाताला धरून चालण्याचा त्याला उबग आला होता. त्याने यूस्टिसबाईंना पत्र लिहिले. आशय असा की, मला श्वान मिळवून द्या, आणि मला मिळाले तर इतर अंधांनाही ते मिळावेत म्हणून मी काम करीन. १९२८ साली तो आगबोटीने युरोपास गेला आणि 'बडी' नावाच्या जर्मन शेफर्ड मादीबरोबर शिकून परत आला. न्यूयॉर्क बंदरावर उतरताच वृत्तपत्रांच्या बातमीदारांसमोर त्याने बडीच्या आधाराने त्या शहरातील अतिशय वर्दळीचा एक रस्ता ओलांडून दाखवला आणि यूस्टिसबाईंना एका शब्दाची तार केली. तो शब्द होता, 'यश'.

दिलेल्या शब्दास तो जागला. २९ जानेवारी १९२९ रोजी नॅशव्हिल येथे 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. ती पुढे न्यू जर्सी राज्यात आली आणि आज त्याच राज्यातील मॉरिसटाउन येथे आहे. इंग्लंडमध्ये म्युरिएल क्रुक व रोझामंड बाँड या दोन स्त्रियांच्या खटपटीतून १९३१ साली वॉलसी येथे पहिले चार मार्गदर्शक श्वान तयार झाले. ज्युडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा ही त्यांची नावे आजही तेथे आदराने घेतली जातात.

आता मूळ विषयाकडे वळणे उचित होईल. श्वान तयार करण्याची शाळा असताना पिल्लू घरोघरी वाढवण्याची गरज का भासली? कारण व्यावहारिक होते. सुरुवातीस बहुधा मोठे झालेले श्वान घेतले जात. त्यांतील कित्येक मोटारीच्या आवाजाला बिचकत, कित्येक इतर प्राण्यांच्या मागे धावत, कित्येकांना माणसांच्या गर्दीची सवयच नसे. पिंजऱ्याच्या आवारात वाढलेल्या श्वानाने जिना पाहिलेला नसतो, स्वयंपाकघर पाहिलेले नसते, रडणारे मूल पाहिलेले नसते. उलट दृष्टिहीन व्यक्तीचे सारे आयुष्य घर, रस्ता, दुकान, कचेरी आणि आगगाडी यांतच जायचे. तेव्हा ज्याला उद्या माणसांच्या जगात काम करायचे आहे, त्याचे बालपण माणसांच्या घरातच गेले पाहिजे, हे तज्ज्ञांच्या ध्यानी आले. 'सीइंग आय'ने १९४२ साली 'फोर-एच' या ग्रामीण मुलामुलींच्या संघटनेच्या साह्याने पिल्ले कुटुंबांत ठेवण्यास प्रारंभ केला. इंग्लंडमध्ये ही पद्धत १९५६ साली सुरू झाली. लहान मुलांचा या कार्याशी संबंध तेथे पुढेही राहिला. बीबीसीच्या 'ब्ल्यू पीटर' या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमाने १९६४ साली आवाहन केले, तेव्हा घराघरांतून मुलांनी दुधाच्या बाटल्यांची रुपेरी झाकणे आणि चांदीसारखा कागद गोळा करून पाठवला. त्या रद्दीच्या पैशांतून मार्गदर्शक श्वानांचा खर्च उभा राहिला. त्यांतील 'हनी' नावाच्या पिल्लाचे वाढणे मुलांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिले.

हे पिल्लू बहुधा लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर किंवा जर्मन शेफर्ड जातीचे असते. ते सात-आठ आठवड्यांचे झाले की पालक कुटुंबाच्या स्वाधीन केले जाते. त्याच्या वैद्यकीय उपचाराचा भार सामान्यतः संस्था उचलते. कुटुंबाने द्यायचा असतो तो वेळ, शिस्त आणि जिव्हाळा. या तीन गोष्टींचा हिशेब पैशांत होत नाही. पहिले काही आठवडे तर तान्ह्या मुलासारखे जागरण असते. घरातील चपला, गालिच्याचे कोपरे आणि खुर्च्यांचे पाय यांची जी वाताहत होते, ती वेगळीच.

पिल्लाला काय शिकवायचे, याचे नियम संस्थेने आखून दिलेले असतात आणि प्रत्येक नियमामागे अजून न भेटलेला एक दृष्टिहीन माणूस उभा असतो. ताटातील घास पिल्लाला कधीही द्यायचा नाही, हा पहिला नियम. तो क्रूर वाटतो. पण उद्या तोच श्वान उपाहारगृहात मेजाखाली तासभर शांत बसला पाहिजे. रस्त्यावर पडलेला पदार्थ त्याने तोंडात घेतला तर तो त्याच्या माणसाला दिसणार नाही, आणि त्यात विषारी काही असेल तर प्राणाशी गाठ. म्हणून खाण्याची हाव लहानपणीच आवरली जाते. दुसरा नियम, माणसांच्या अंगावर उड्या मारू द्यायच्या नाहीत. पिल्लाची उडी कौतुकाची असते, परंतु पाऊण मणाच्या श्वानाची उडी वृद्ध माणसाला खाली पाडते. तिसरा नियम देहधर्माचा. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, पट्टा लावलेला असताना आणि सांगितल्यावरच पिल्लाने तो उरकावा, अशी सवय लावली जाते. कारण उद्या ती जागा स्वच्छ करण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला ती डोळ्यांनी शोधता येणार नाही. पलंगावर व कोचावर चढायचे नाही, मांजरामागे धावायचे नाही, घरात एकटे ठेवले तर भुंकून आकांत करायचा नाही, हेही याच क्रमाने येते.

हे सारे मारहाणीशिवाय शिकवायचे असते. चुकल्यावर रोखणे आणि बरोबर केल्यावर तत्काळ कौतुक करणे, हाच मुख्य मार्ग. यामागे करुणा आहे तसा व्यवहारही आहे. भेदरलेला श्वान आज्ञा पाळेल, परंतु मोटार अंगावर येत असताना मालकाची आज्ञा मोडण्याचे धैर्य त्याच्या अंगी उरणार नाही. ज्याच्याकडून पुढे विवेकाची अपेक्षा आहे, त्याचे मन लहानपणी मोडून चालत नाही. मुलांना वाढवतानाही हे सूत्र ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याखेरीज पिल्लाला जग दाखवणे हे पालकांचे मोठे काम असते. बाजार, शाळेचे आवार, लिफ्ट, आपोआप उघडणारी दारे, जाळीची जमीन, आगगाडीचा फलाट, आगीच्या बंबाची कर्कश घंटा, एकाएकी उघडलेली छत्री, चाकांची खुर्ची, टोपी घातलेला माणूस हे सर्व एकेक करून त्याच्या परिचयाचे केले जाते. ठरावीक काळाने परिसरातील पालक कुटुंबे आपापली पिल्ले घेऊन एकत्र जमतात आणि संस्थेचा प्रतिनिधी प्रगती पाहतो. या फिरण्यात पिल्लाच्या अंगावर 'शिकाऊ' असे सांगणारे वस्त्र असते. घरातील शाळकरी मूल त्याला घेऊन दुकानात जाते, तेव्हा दहा माणसे थांबून विचारतात आणि ते मूल दहादा समजावून सांगते. पिल्लू शिकत असते तसे मूलही शिकत असते. वेळेवर उठणे, पावसाथंडीतही जबाबदारी न टाळणे, अनोळखी माणसाशी नम्रपणे बोलणे.

आणि मग तो दिवस उजाडतो. पिल्लू साधारण चौदा ते सोळा महिन्यांचे झाले की संस्थेकडून परत येण्याचा सांगावा येतो. आता ते पिल्लू राहिलेले नसते. भरदार, शहाणे, घरातील प्रत्येकाच्या पावलांचा आवाज ओळखणारे जनावर झालेले असते. ज्या मुलाने रात्री उठून त्याला अंगणात नेले, त्यानेच पट्टा दुसऱ्याच्या हाती द्यायचा असतो. गाडीचे दार बंद होते. घरी परतल्यावर रिकामे भांडे दिसते, कोपऱ्यातील अंथरूण दिसते. त्या घरात त्या संध्याकाळी काय होत असेल, हे लेकीची पाठवणी केलेल्या आईवडिलांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

पालक कुटुंबांना सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, "इतका लळा लागल्यावर तुम्ही त्याला देऊन तरी कसे टाकता?" प्रश्न विचारणाऱ्यास वाटते की देऊ शकणाऱ्याचे प्रेम थोडे कमी असावे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्याने लळा लावला नाही त्याच्या घरचे पिल्लू माणसावर विश्वास ठेवायला शिकतच नाही, आणि विश्वास नसलेला श्वान कोणाचाही मार्गदर्शक होऊ शकत नाही. म्हणजे दान उत्तम व्हायचे तर प्रेम पूर्ण केले पाहिजे, आणि पूर्ण प्रेम केले की दान कठीण होणारच. ही अडचण चुकवण्याची वाट नाही. ती ठाऊक असूनही ही कुटुंबे पहिल्या दिवशी दार उघडतात, यातच त्यांचे मोठेपण आहे. जैन विचारात परिग्रह म्हणजे केवळ वस्तूंचा साठा नव्हे, तर वस्तूविषयीचे ममत्व, असे मानले आहे. प्रेम राहते, ममत्व सुटते, अशी अवस्था ग्रंथात वाचणे सोपे; चौदा महिन्यांच्या श्वानाचा पट्टा हातातून सोडताना ती कसाला लागते.

संस्थेत परतल्यावर श्वानाची प्रकृती, डोळे आणि सांधे तपासले जातात आणि प्रशिक्षकाच्या हाताखाली सुमारे चार महिने शिक्षण चालते. मूठ असलेला विशिष्ट पट्टा म्हणजे हार्नेस प्रथम तेथेच अंगावर चढतो. सर्वच श्वान या कसोटीस उतरत नाहीत. कोणाचे सांधे दुबळे निघतात, कोणी खारीच्या मोहात पडतो, कोणाला हे काम मनापासून आवडत नाही. अशांना सक्तीने राबवले जात नाही. त्यांना दुसरे योग्य काम दिले जाते किंवा चांगले घर पाहून दिले जाते. पुष्कळदा पहिला मान ज्यांनी वाढवले त्या कुटुंबालाच असतो. उत्तीर्ण झालेल्या श्वानाची दृष्टिहीन व्यक्तीशी जोडी जुळवताना चालण्याचा वेग, शरीराची उंची, स्वभाव, शहरी वा ग्रामीण राहणी, हे सर्व पाहिले जाते. नंतर दोघे तीन-चार आठवडे एकत्र शिकतात. एवढे सोपस्कार आजकाल विवाह जुळवतानाही होत नसतील!

ठेव परत करण्याच्या रीती दोन आहेत आणि दोन्ही विचार करण्याजोग्या आहेत. कॅलिफोर्निया राज्यातील सॅन राफेल येथील 'गाइड डॉग्स फॉर द ब्लाइंड' या १९४२ साली स्थापन झालेल्या संस्थेत समारोपाचा समारंभ होतो. पालक कुटुंब व्यासपीठावर येते आणि आपण वाढवलेल्या श्वानाचा पट्टा आपल्या हाताने त्या दृष्टिहीन व्यक्तीच्या हाती देते. मॉरिसटाउनची रीत निराळी. तेथे कुटुंबाला कळवले जाते की श्वानाची जोडी जुळली. परंतु तो कोणाकडे गेला, हे सांगितले जात नाही. दृष्टिहीन व्यक्तीवर कोणाच्या उपकाराचे ओझे राहू नये, तिचे जीवन तिचे स्वतंत्र असावे, हा हेतू. मात्र शिक्षण पूर्ण होत आले की कुटुंबाला एकदा बोलावले जाते. गावातील रस्त्यावरून प्रशिक्षक त्या श्वानाबरोबर चालत असतो आणि कुटुंब बरेच अंतर ठेवून मागून चालते. हाक मारायची नाही, जवळ जायचे नाही. ज्याला चपला चावताना पाहिले, तो भर रहदारीत एका माणसाला सांभाळून नेत आहे, हे डोळे भरून पाहायचे आणि परतायचे. गुप्तदानाची महती सर्वांनी ऐकलेली आहे. याहून गुप्त दान ते कोणते?

याच संस्थेच्या हिशेबाची एक बाब व्यापारी समाजाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. एक श्वान तयार होईपर्यंत हजारो डॉलर खर्च होतात. तरी प्रथमच श्वान नेणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीकडून 'सीइंग आय' केवळ दीडशे डॉलर घेते, पुढच्या वेळी पन्नास, आणि माजी सैनिकाकडून फक्त एक डॉलर. १९३४ साली ठरलेली ही रक्कम इतक्या दशकांनंतरही वाढवण्यात आलेली नाही. ती हप्त्यांनीही देता येते. मग मुळात घ्यायची तरी कशाला? यासाठी की नेणाऱ्याला आपण याचक आहोत असे वाटू नये. आपण मूल्य देऊन, हक्काने श्वान घेतला, असे त्याने म्हणावे. सॅन राफेलची संस्था काहीच शुल्क घेत नाही. तिचीही भूमिका आदरणीय आहे. परंतु घेणाऱ्याचा स्वाभिमान जपण्यासाठी थोडेसे घेणे, हा दानाचा एक सूक्ष्म विचार आहे आणि दानधर्म करणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्याचे मनन करावे.

या परिश्रमांचे फळ काय, याचे एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात अठ्ठ्याहत्तराव्या मजल्यावर मायकल हिंगसन हे जन्मांध गृहस्थ आपल्या कचेरीत होते. त्यांची 'रोझेल' नावाची लॅब्राडोर मादी मेजाखाली झोपली होती. ती सॅन राफेलच्या संस्थेतून आलेली आणि त्यापूर्वी कॅलिफोर्नियातील एका कुटुंबात लहानाची मोठी झालेली. विमान त्यांच्या वरच्या मजल्यांवर आदळले. इंधनाचा वास, धूर, घाबरलेली माणसे आणि चौदाशेहून अधिक पायऱ्या! हिंगसन 'पुढे' म्हणत राहिले आणि रोझेल शांतपणे एकेक पायरी उतरत राहिली. दोघे सुखरूप बाहेर पडले. श्वानाने माणसाला वाचवले असे म्हणणेही अपुरे आहे. माणसाचे धैर्य पाहून श्वान शांत राहिला आणि श्वान शांत आहे हे पट्ट्यातून जाणवल्यामुळे माणसाचे धैर्य टिकले. रोझेल २०११ साली वारली. गोंगाटाला, गर्दीला आणि जिन्याला न भिण्याचे पहिले धडे श्वानाला पालकांच्या घरी मिळतात, ही गोष्ट या प्रसंगी आठवावी.

श्रोत्यांच्या मनात आता दोन शंका निश्चित आल्या असतील आणि त्या टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहिली अशी की, माणसाच्या सोयीसाठी मुक्या प्राण्याला बांधून राबवणे अहिंसेच्या कसोटीला उतरते काय? या व्यवस्थेत श्वानाला मारहाण नाही, उपासमार नाही, शक्तीबाहेरचे ओझे नाही. घरी येताच हार्नेस उतरतो आणि तो इतर श्वानांसारखाच खेळतो. साधारण आठ-दहा वर्षांच्या सेवेनंतर त्याला निवृत्ती मिळते आणि उर्वरित आयुष्य तो कोणाच्या तरी घरी सुखाने घालवतो. तथापि त्याचा जन्म, त्याचे खच्चीकरण आणि त्याचे काम हे सारे माणसानेच ठरवलेले असते, हेही खरे. ही शंका पूर्णपणे फिटते असे म्हणता येणार नाही. ती मनात जागी ठेवूनच या कार्याकडे पाहावे. दुसरी शंका आहाराची. पिल्लाचा आहार संस्था ठरवते आणि त्यात सामान्यतः मांसाचा अंश असतो. पालकांना तो बदलता येत नाही. ज्या घरात हे चालणार नाही, त्या घराने ही सेवा स्वीकारू नये. इतरांचे कार्य आदराने पाहावे आणि आपल्याला झेपेल ती सेवा निवडावी.

महाराष्ट्रात मार्गदर्शक श्वान क्वचितच दृष्टीस पडतो. पदपथ सलग नाहीत, आहेत तेथे विक्रेते व वाहने उभी. भटक्या कुत्र्यांचे कळप गल्लोगल्ली. आणि श्वान व माणूस दोघांना शिकवणारी व्यवस्था रुजलेली नाही. येथील दृष्टिहीन बंधुभगिनींचा आधार म्हणजे पांढरी काठी आणि शेजाऱ्याचा हात. तरीही हा विषय या सभागृहाला अगदीच परका नाही. समाजातील अनेक घरांतील मुले-सुना आज न्यू जर्सीत राहतात आणि आईवडील सहा-सहा महिने तेथे जाऊन येतात. तेथील दुकानात हार्नेस घातलेला श्वान किंवा 'शिकाऊ' वस्त्र घातलेले पिल्लू दिसले तर काही पथ्ये पाळावीत. श्वान कामात असताना त्याला हाक मारू नये, गोंजारू नये, खाऊ देऊ नये. क्षणभर विचलित झालेला श्वान आपल्या माणसाला ठेच लागू देऊ शकतो. मदत करावयाची असल्यास आधी त्या व्यक्तीला विचारावे. न विचारता तिचा हात किंवा श्वानाचा पट्टा धरू नये. बोलायचे ते माणसाशी बोलावे, श्वानाशी नव्हे. कुत्रा दुकानात कसा आला, असा प्रश्न मनात येऊ देऊ नये. १९९० च्या अपंगविषयक कायद्याने मार्गदर्शक श्वानाला तेथे सर्वत्र प्रवेश दिलेला आहे.

आणि येथे, स्वतःच्या गावी? श्वान नसला तरी त्या पालक कुटुंबांची वृत्ती अंगीकारता येते. परीक्षेच्या काळात दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लेखनिक मिळत नाहीत म्हणून धावाधाव होते. आपल्या घरातील एखादी मुलगी तीन तास दुसऱ्याची उत्तरे दुसऱ्याच्याच शब्दांत लिहू शकेल. पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करून देता येतील. दुकानापुढील पदपथावर मालाचे गठ्ठे न ठेवणे, एवढीही सेवा एखाद्या पांढऱ्या काठीला वाट मोकळी करून देते. या प्रत्येक कामात स्वतःचा वेळ व श्रम लागतात आणि फळ मात्र दुसऱ्याच्या पदरात पडते. लेखनिकाचे नाव गुणपत्रिकेवर छापले जात नाही. पिल्लू वाढवणाऱ्याचे नावही हार्नेसवर कोरलेले नसते.

सुवर्णमहोत्सव साजरा करणाऱ्या संस्थेची पन्नास वर्षेही शेवटी अशीच उभी राहिली. ज्यांनी पहिली वर्गणी गोळा केली, पहिल्या इमारतीच्या विटा मोजून घेतल्या, त्यांतील पुष्कळजण आज हयात नाहीत आणि जे लाभ घेतात त्यांना त्यांची नावेही ठाऊक नाहीत. त्यांनी संस्थेला लळा लावला, ती वाढवली आणि पुढच्यांच्या हाती सोपवली. परदेशातील एक शाळकरी मूल साश्रू डोळ्यांनी पट्टा दुसऱ्याच्या हाती देते आणि काही दिवसांनी पुन्हा दारात नवे पिल्लू घेऊन उभे राहते, तेव्हा तेही हेच करीत असते. ठेव सांभाळावी मनापासून, आणि परत करावी वेळेवर. विश्वस्ताचा धर्म याहून वेगळा नाही.

जय जिनेंद्र.